पाटीवरचे थर : एकावर एक विनाइल कसे बसवतात

दादरच्या रानडे रोडवर किंवा ठाकूरद्वारच्या नाक्यावर दोन-तीन वर्षे जुनी झालेली एखादी दुकानाची पाटी जवळून पाहिली, तर लाल अक्षर आणि त्याची पांढरी किनार यांच्या सीमेवर केसाएवढी काळपट रेघ अनेकदा दिसते. ती रेघ कोणी काढलेली नसते. वरचा लाल थर सर्व बाजूंनी किंचित आखडलेला असतो, त्याच्या कडेचा गोंद उघडा पडलेला असतो आणि त्या चिकट पट्टीवर रस्त्यावरची धूळ व गाड्यांचा धूर येऊन बसलेला असतो. एकावर एक विनाइल चिकटवून केलेल्या कामात जे काही बिघडते, त्यातले बरेचसे अशाच जागी बिघडते, जिथे दोन थर एकमेकांना भेटतात. चिकटवणाऱ्याचा हात चांगला असावा लागतो हे खरेच. परंतु थर कोठे भेटवायचे, किती भेटवायचे आणि कोणता थर मुळात टाळायचा, हे संगणकावर आकृती तयार करतानाच ठरते, आणि माझ्या मते पाटीचे निम्मे आयुष्यही तेथेच ठरून जाते.

विनाइल म्हणजे पीव्हीसी या प्लॅस्टिकची पातळ फिल्म. पीव्हीसी स्वभावतः कडक असते, म्हणून लवचीकपणासाठी तीत प्लॅस्टिसायझर आणि रंगासाठी रंगद्रव्य मिसळतात, पाठीवर दाबाने चिकटणाऱ्या ॲक्रिलिक गोंदाचा थर देतात आणि तो गोंद वापरापर्यंत झाकून ठेवण्यासाठी सिलिकॉनचा लेप असलेला कागद लावतात. या कागदाला रिलीज पेपर म्हणतात. मुंबईच्या बाजारात कापून चिकटवायच्या कोणत्याही रंगीत विनाइलला सर्रास ‘रेडियम’ म्हटले जाते, मग ते अंधारात चमकणारे असो वा नसो.

फिल्म बनवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि थरांच्या कामात हा फरक फार मोलाचा ठरतो. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रुळांमधून दाबून व ओढून पातळ केलेली असते, तर कास्ट फिल्म द्रवरूपात पसरून भट्टीत वाळवलेली असते. मैद्याची पोळी लाटून बाजूला ठेवली की आखडते आणि तव्यावर ओतलेले घावन मात्र जसे पसरले तसे राहते, तोच प्रकार येथे घडतो : कॅलेंडर्ड फिल्ममध्ये ओढल्याचा ताण दबून राहिलेला असतो आणि ऊन लागले की ती मूळ आकाराकडे परतू पाहते, कास्ट फिल्ममध्ये असा ताण जवळजवळ नसतोच. कॅलेंडर्ड फिल्मची जाडी साधारणपणे ७० ते १०० मायक्रॉन असते, कास्टची ५० मायक्रॉनच्या आसपास. कॅलेंडर्डमध्येही मोनोमेरिक आणि पॉलिमेरिक असे दोन दर्जे येतात. पहिली स्वस्त असते आणि बाहेरच्या उन्हापावसात दोन-तीन वर्षांत थकते, तर दुसरी पाच-सात वर्षांची सोबत करते. कास्ट फिल्म त्याहूनही अधिक टिकते, पण तिची किंमत ऐकून बहुतेक गिऱ्हाईक पॉलिमेरिकवर समाधान मानते, आणि सपाट पाटीसाठी ते योग्यही आहे.

एक गोष्ट मात्र टाळावी. तळाशी स्वस्त मोनोमेरिक आणि वर महाग फिल्म अशी सांगड घालण्याचा मोह होतो, कारण खालचा थर फारसा दिसत नाही. परंतु खालचा थर आखडला की तो वरच्याला सोबत ओढतो आणि वरच्या चांगल्या फिल्मला सुरकुत्या पडतात. शक्यतो सर्व थर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्यावेत. सोनेरी-चंदेरी चमकदार फिल्म वापरायचीच असेल तर ती सर्वांत वर असावी. तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर दुसरा थर चिकटवणे भरवशाचे नसते.

आता कोणी विचारेल, की डिजिटल प्रिंट करून, त्यावर लॅमिनेशन चढवून सारे रंग एकाच फिल्मवर आणता येत असताना हा खटाटोप कशासाठी? बारीक चित्र, रंगांच्या छटा किंवा फोटो असेल तर प्रिंटच करावी; त्यात वाद नाही. पण तीन-चार सपाट रंगांची अक्षरे असतील, तर रंगद्रव्य फिल्मच्या अंगातच मुरलेले असल्याने रंगीत विनाइल छापील शाईपेक्षा उन्हात सावकाश फिकटते, त्याचा रंग कडेपर्यंत भरीव दिसतो आणि शाई वाळण्यासाठी दिवस-दोन दिवस थांबावे लागत नाही.

नियोजन कसे करायचे ते एका शब्दावर पाहू. पिवळ्या ॲक्रिलिकच्या पाटीवर ‘मिठाई’ हा शब्द लाल रंगात, भोवती पांढरी किनार आणि खाली उजवीकडे काळी सावली, असे काम आले आहे असे समजा. प्रथम कोरलड्रॉ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांच्या आकृत्यांमध्ये, रूपांतरित करून वायरफ्रेम दृश्य उघडावे; त्यात रंग न दिसता फक्त रेषा दिसतात. भरलेल्या रंगात शब्द एकसंध दिसत असला, तरी या दृश्यात प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा शेजारच्या तुकड्यावर चढलेला दिसतो आणि वेलांटीची दांडी शिरोरेषेला जिथे छेदते तिथे फुलीसारखी रेघ दिसते. प्लॉटरला, म्हणजे संगणकावरून विनाइल कापणाऱ्या यंत्राला, रंग कळत नाही, त्याला फक्त रेषा कळते. त्यामुळे हे तसेच कापायला पाठवले तर ब्लेड या प्रत्येक रेषेवरून फिरते आणि शिरोरेषेचे चार-पाच तुकडे होतात. रोमन लिपीसाठी लिहिलेल्या शिकवण्यांमध्ये या गोष्टीचा उल्लेख क्वचितच असतो, कारण तिथली अक्षरे बहुधा सुटी असतात. देवनागरीत मात्र सर्व आकृत्या निवडून वेल्ड करणे, म्हणजे जोडून त्यांची एकच बाह्यरेषा करणे, ही पहिली पायरी आहे, मग फॉन्ट श्रीलिपीचा असो वा ‘मुक्ता’सारखा युनिकोडचा.

वेल्ड केल्यावर ‘मिठाई’ हा एकच सलग तुकडा होतो. त्याने फालतू विनाइल सोलणे सोपे जाते आणि शिरोरेषेची लांब सरळ कड थर जुळवताना पट्टीसारखी उपयोगी पडते. तोटा असा, की सुरुवातीला एक मिलिमीटरची तिरकस चूक झाली तर ती शब्दाच्या शेवटापर्यंत वाढत जाते. लांब नावांच्या पाट्यांवर म्हणूनच दोन शब्दांमध्ये जागा सोडून प्रत्येक शब्द वेगळा बसवणे बरे.

यानंतर किनार. काँटूर या आज्ञेने लाल आकृतीभोवती, समजा, ६ मिलिमीटरची बाहेरची रेषा काढली की एक मजेदार गोष्ट होते : ‘म’च्या गाठीतली बारीक पोकळी पूर्ण बुजते, ‘ठ’च्या पोटातली पोकळी लहान होऊन उरते आणि ‘ई’च्या वळणांमध्ये अणकुचीदार फटी तयार होतात. अशा फटी ठेवू नयेत. ब्लेडला तिथे वळायला जागा नसते, सोलताना तेथूनच फिल्म फाटते आणि पाटीवर लागल्यावर त्याच टोकापासून कड उचलायला लागते. संगणकावर त्या फटी भरून टाकाव्यात आणि बाहेरचे कोपरे किंचित गोल करावेत. अनुस्वार, नुक्ता यांसारखे सुटे ठिपके ४-५ मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर कापताना ब्लेडबरोबरच उडून जातात. ते थोडे मोठे केल्याने कोणाचे काही बिघडत नाही, उलट रस्त्यापलीकडून वाचणाऱ्याला ते अधिक नीट दिसतात.

खरा निर्णय पुढे आहे : काळा, पांढरा आणि लाल हे तीनही आकार भरीव ठेवून एकावर एक चढवायचे, की खालचे थर मधून पोकळ करायचे? एका थराची फिल्म आणि गोंद मिळून जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली, तर तीन थरांची ०.३ मिलिमीटर होते. ऐकायला हे नगण्य वाटते. पण पाटी पुसणाऱ्याचा फडका आणि वरून ओघळणारे पाणी याच पायरीवर अडते. शिवाय दोन फिल्ममध्ये अडकलेली हवा खाली ॲक्रिलिकमध्ये जाऊ शकत नाही आणि वरूनही सहज निघत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांत, म्हणजे साधारण सहा इंचांहून उंच अक्षरांत, पांढऱ्या थरातून लाल अक्षराच्या आकाराची खिडकी कापतात, मात्र ती खिडकी लाल अक्षरापेक्षा सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर लहान ठेवतात, जेणेकरून लाल थराची कड पांढऱ्यावर टेकते आणि मधला भाग थेट पाटीवर बसतो. कडेला कड अगदी भिडवून बसवण्याचा हट्ट धरू नये; तसे केले की पहिल्याच उन्हाळ्यात आखडलेल्या दोन थरांमधून पिवळी पाटी डोकावते.

पोकळ करण्यालाही एक किंमत आहे. लाल फिल्म पांढऱ्या पायरीवरून खाली उतरते तिथे हवेची बारीक नळी राहते, आणि अक्षराची रेघच जर एक सेंटिमीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या मिळून चिकटलेल्या भागाचा मोठा हिस्सा खातात. त्यामुळे लहान अक्षरे, फोन नंबर, पत्त्याच्या ओळी यांसाठी भरीव थर चढवणेच शहाणपणाचे आहे, आणि त्याहून शहाणपणाचे म्हणजे एवढ्या लहान अक्षरांना किनार-सावली न देणे. गिऱ्हाईकाला हे पटवणे अवघड असते. तीनपेक्षा जास्त थर कोणत्याही परिस्थितीत एका जागी येऊ नयेत.

थरांचा क्रम लावताना शक्यतो फिकट रंग खाली आणि गडद रंग वर ठेवावा, कारण गडद रंगाखाली दबलेली फिकट पट्टी दिसत नाही. उलट केले तर पांढऱ्या वा पिवळ्या फिल्मखालून गडद कडेची सावली जाणवते. ‘मिठाई’च्या उदाहरणात काळी सावली पांढऱ्याखाली जाते, म्हणजे नियम मोडतोच, अशा वेळी पांढरी फिल्म पूर्ण अपारदर्शक असलेली निवडावी आणि काळा थर पांढऱ्याखाली दोन मिलिमीटरच शिरेल असा कापावा. आतून एलईडी लावलेल्या बॉक्स पाटीचे गणित वेगळे आहे. तिथे प्रकाश आरपार जाऊ देणारी ट्रान्सल्युसंट फिल्म लागते, आणि दोन अशा फिल्म जिथे एकमेकींवर येतात तिथे प्रकाश दोन्हींतून गाळला जातो. दुपारी निर्दोष दिसलेल्या पाटीवर संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक अक्षराभोवती गडद कडे उमटते. अशा कामात थर एकमेकांवर एक मिलिमीटरहूनही कमी चढवतात आणि तपासणी दिवे लावूनच करतात.

कापण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, परंतु एक चाचणी कधीच वगळू नये. प्रत्येक नव्या रोलवर एका कोपऱ्यात लहान चौकोन कापून तो सोलावा. चौकोन सहज सुटला आणि खालच्या रिलीज पेपरवर फक्त पुसट ओरखडा दिसला, तर ब्लेडची खोली बरोबर आहे. ब्लेड कागदात घुसले तर सिलिकॉनचा लेप तुटतो, गोंद कागदाचे तंतू धरतो आणि ते तंतू अक्षरासोबत पाटीवर जाऊन कडेला पांढऱ्या केसांसारखे दिसतात. साध्या विनाइलला ४५ अंशांचे ब्लेड पुरते. जाड रिफ्लेक्टिव्ह फिल्मला ६० अंशांचे लागते. कापल्यानंतर सोलण्याचे काम लांबवू नये. मे महिन्याच्या उकाड्यात, पंख्याखालच्या गाळ्यात रात्रभर तसेच पडलेल्या विनाइलचा गोंद मऊ होऊन कापाच्या फटीत परत मिळतो आणि सकाळी सोलताना नको तो भाग हव्या त्या भागाला धरूनच वर येतो.

थर एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून संगणकावरच आकृतीच्या बाहेर, दोन टोकांना, प्रत्येक रंगासाठी नेमक्या त्याच जागी अधिकच्या खुणा ठेवतात आणि प्रत्येक रंगात त्या कापून घेतात. पहिल्या थराबरोबर या खुणाही पाटीवर जातात, दुसऱ्या थराच्या खुणा त्यांच्यावर तंतोतंत टेकवल्या की अक्षर आपोआप जागेवर येते, आणि शेवटी खुणा काढून टाकतात. खुणांखाली आधीच कागदी टेपचा तुकडा लावून ठेवला तर त्या काढताना पाटीवर गोंद राहत नाही.

पाटी तीन-चार फुटांपर्यंतची असेल तर याहून सोपी रीत आहे, आणि मला ती जास्त भरवशाची वाटते. ट्रान्सफर टेपने, म्हणजे कापलेली अक्षरे जशीच्या तशी उचलणाऱ्या चिकट टेपने, आधी सर्वांत वरचा लाल थर उचलायचा, तो टेबलावर रिलीज पेपरवरच असलेल्या पांढऱ्या थरावर खुणा जुळवून दाबायचा, मग दोन्ही मिळून उचलून काळ्यावर दाबायचे. जिथे पांढऱ्यात खिडकी आहे तिथे लाल थराचा गोंद सिलिकॉनच्या कागदाला लागतो आणि अलगद सुटतो. असे तिन्ही थर एकाच टेपवर गोळा झाले की पाटीवर एकदाच बसवायचे. सगळी अचूकता टेबलावर, उजेडात साधली जाते. फुटपाथवर घोड्यावर उभे राहून, खालून माणसे जात-येत असताना, मिलिमीटर जुळवत बसावे लागत नाही. टेप मात्र पाहून घ्यावी : फार चिकट टेप नुकताच बसवलेला खालचा थर उचलून आणते, आणि ओढून लावलेली टेप सैल पडताना विनाइलला वाक देते.

मुंबईत खरी परीक्षा पृष्ठभागाची होते. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने पाटीवर मिठाचा बारीक थर बसतो, आणि मीठ स्पिरिटने निघत नाही, ते पाण्याने निघते. तेलकट हात आणि स्वयंपाकाचा धूर यांचे डाग पाण्याने निघत नाहीत, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतात. म्हणून आधी साबणाचे पाणी, मग साधे पाणी, मग अल्कोहोल, आणि ते वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसणे, हा क्रम पाळावा. ॲक्रिलिकवर थिनर कधीही लावू नये. पृष्ठभाग धुरकटतो आणि बारीक तडे जातात. पावसाळ्यात रिलीज पेपर हवेतला ओलावा शोषून वाकडातिकडा होतो आणि प्लॉटरमध्ये तिरका सरकतो, त्यामुळे रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. भर दुपारी पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या एसीपी (ॲल्युमिनियमच्या थरांच्या) शीटवर काम करू नये. फिल्म मऊ पडून ताणली जाते आणि गोंद पहिल्याच स्पर्शात असा धरतो की सरकवायची संधीच उरत नाही.

काचेवर किंवा पाटीवर पहिला थर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून बसवता येतो, पण विनाइलवर विनाइल नेहमी कोरडेच बसवावे. दोन फिल्ममध्ये अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला जवळजवळ वाट नसते आणि तेवढा भाग कमकुवत राहतो. बसवताना मधोमध उभी टेप लावून अर्धा भाग उलटावा, त्याचा रिलीज पेपर कापून काढावा आणि स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबायची सपाट पट्टी, मधून कडेकडे, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढवत फिरवावी. मग दुसरा अर्धा भाग. ट्रान्सफर टेप काढताना ती वर न ओढता स्वतःवर दुमडून, पाटीला समांतर मागे न्यावी. उरलेला बुडबुडा सुईने टोचून बोटाने दाबावा, ब्लेडने चिरू नये. टेप निघाल्यावर सगळ्या कडा, विशेषतः जिथे थर चढतात त्या, पुन्हा एकदा फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने दाबाव्यात. गोंदाला पकड घ्यायला निदान २४ तास लागतात, तोवर पाटी धुऊ नये.

जुन्या पाट्यांचा प्रश्न अलीकडे वाढला आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन कामगार कितीही असले तरी देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अशा घाईत जुनी अक्षरे झाकण्यासाठी त्यांच्यावरच रंगीत विनाइलचा पट्टा आणि त्यावर मराठी नाव, हा सोपा मार्ग कोणालाही सुचेल. तो टिकत नाही. उन्हाने थकलेल्या जुन्या फिल्मवर रंगद्रव्याची भुकटी सुटलेली असते, बोट फिरवले तर बोटाला रंग लागतो. नवा गोंद त्या भुकटीला चिकटतो, पाटीला नव्हे. शिवाय जुन्या अक्षरांच्या कडा नव्या पट्ट्यातून उठून दिसतात. हीट गनने फिल्म कोमट-मऊ करून, लहान कोनात सावकाश ओढत जुने सर्व काढावे. यात अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे वेगळे सांगावेत, नाहीतर कारागीर ते काम टाळतो.

पाटी लागली की कापण्याच्या फाइलचे नाव, फिल्मचा नंबर आणि रोलवरचा लॉट नंबर पाटीच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवावा आणि प्रत्येक रंगाचा हातभर तुकडा गुंडाळून दुकानदाराकडे द्यावा. एकाच लाल रंगाचे दोन लॉट शेजारी ठेवले तर कधीकधी वेगळे दिसतात, आणि शटरचा धक्का लागून ‘ठ’ फाटला तर जुळणारा लाल त्याच गुंडाळीत सापडतो.